नवी नक्षी बाजारात दाखवण्याआधी नोंदवावी: क्रायोगॅस निकाल आणि सोलापूरचा चादर-टॉवेल उद्योग

काळा कोट, सोलापूर

१५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस इक्विपमेंट विरुद्ध आयनॉक्स इंडिया या प्रकरणात दिलेला निकाल वरवर पाहता द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांविषयी आहे. त्यामुळे आपल्या गावातल्या यंत्रमागधारकांचे त्याकडे लक्ष गेले नसावे. माझ्या मते मात्र गेल्या काही वर्षांत कॉपीराइट आणि ट्रेडमार्कच्या क्षेत्रात जे निकाल आले, त्यांपैकी अक्कलकोट रस्त्यावरच्या कारखान्यांशी सर्वांत जवळचा संबंध याच निकालाचा आहे. म्हणून या मंचावर हा चर्चेचा धागा काढत आहे.

मूळ प्रश्न असा आहे. कागदावर काढलेले चित्र ही कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे कलाकृती असते आणि तिला कलाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. तेच चित्र जकार्डवर (मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) चढवून चादरीत विणले की ते डिझाइन कायदा २००० च्या कक्षेत येते, आणि तिथे संरक्षण नोंदणी केली तरच मिळते, तेही आधी १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे. या दोन कायद्यांच्या सीमेवर कॉपीराइट कायद्याचे कलम १५ उभे आहे. त्याचे पोटकलम २ सांगते की जे डिझाइन नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा तयार केली, की त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. आपल्या धंद्यात याचा अर्थ एवढाच, की नोंदणीविना विणलेल्या नक्षीची ५१ वी चादर मागावरून उतरली की त्या नक्षीवर कॉपीराइटच्या आधारे हक्क सांगण्याचा मार्ग बंद होतो.

क्रायोगॅस निकालाने हे कलम लावण्याची दोन टप्प्यांची कसोटी घालून दिली. पहिल्या टप्प्यात न्यायालयाने पाहायचे, की समोर आहे ती निव्वळ कलाकृती आहे, की मूळ कलाकृतीवरून घेतलेले आणि औद्योगिक प्रक्रियेतून वस्तूवर उतरवलेले डिझाइन आहे. ती कॉपीराइटला पात्र नाही असे ठरले तर दुसऱ्या टप्प्यात तिचे मुख्य प्रयोजन उपयुक्ततेचे आहे की दिसण्याचे, हे तपासून डिझाइन कायद्याचे संरक्षण मिळू शकते का ते ठरवायचे. त्या खटल्यातला अंतिम वाद न्यायालयाने स्वतः सोडवला नाही. दावा सुरुवातीलाच फेटाळणे योग्य नव्हते हा गुजरात उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवून या कसोटीने तपासणीचे काम खालच्या न्यायालयावर सोपवले. पण कापडाच्या बाबतीत उत्तर काय येणार याचा अंदाज आधीपासून आहे, कारण दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या प्रकरणात सोफ्याच्या कापडावरील नक्षीबद्दल हेच म्हटले होते: कागदावरचे मूळ चित्र कलाकृती म्हणून सुरक्षित राहते, पण कापडावर उतरलेले त्याचे रूप डिझाइन आहे, आणि ते नोंदवले नसेल तर ५० प्रतींनंतर त्याला आधार उरत नाही.

नोंदणीची मुख्य अट नावीन्याची आहे आणि ती कडक आहे. अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालेले वा वापरात आलेले नसले पाहिजे. आपली रीत याच्या नेमकी उलट आहे. सँपल मागावरून उतरले, की त्याचा फोटो त्याच संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात जातो, आणि मागणी दिसली तरच माल काढला जातो. धंद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहे, पण कायद्याच्या दृष्टीने त्या संध्याकाळीच नावीन्य संपलेले असते. कायद्याने कापडवाल्यांसाठी मुद्दाम एक वाट ठेवलेली आहे, जी फार थोड्यांना माहीत आहे. डिझाइन कायद्याच्या कलम १६ प्रमाणे नोंदणीसाठी योजलेल्या नव्या कापडी डिझाइनची पहिली गोपनीय मागणी स्वीकारणे याला प्रसिद्धी मानले जात नाही. म्हणजे एका व्यापाऱ्याला, गोपनीयतेचा उल्लेख असलेल्या पत्रासह, नमुना दाखवून ऑर्डर घेता येते आणि नंतर अर्जही करता येतो. गटात फोटो टाकणाऱ्याला मात्र ही सवलत मिळणार नाही.

व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी शासकीय शुल्क एका डिझाइनला १००० रुपये आहे.

अशोक चौक

वकीलसाहेब, माहिती मोलाची आहे, पण आमच्याकडची अडचण मांडतो. आमचा तिसऱ्या पिढीचा कारखाना आहे. वर्षभरात जितक्या नक्षी मागावर चढतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक पहिल्या लॉटनंतर बंद पडतात. कोणती चालेल हे आम्हाला आधी कळत नाही. सगळ्याच नोंदवायच्या म्हटल्या तर शुल्क, नकाशे, तुमची फी हे सगळे धरून परवडत नाही, आणि चाललेली नक्षी शेजारचा कारखाना एका आठवड्यात काढतो. दुसरे असे की मोर, कमळ, मंदिराची कमान, गालिच्याची वेलबुट्टी या नक्षी आमच्या आजोबांच्या काळापासून गावात सगळेच विणतात. उद्या त्यांपैकी एखादी कोणी आपल्या नावावर नोंदवली तर बाकीच्यांनी काय करायचे?

काळा कोट, सोलापूर

अण्णा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते दिलासा देणारे आहे. जे आधीपासून चालत आलेले आहे त्याची नोंदणी टिकत नाही. कोणी ती करून घेतलीच, तर डिझाइन कायद्याच्या कलम १९ खाली कोलकात्याच्या डिझाइन नियंत्रकाकडे ती रद्द करण्याचा अर्ज कोणत्याही हितसंबंधी व्यक्तीला करता येतो. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो आपल्याकडे आहे: जुन्या चादरी, बिलांवरचे डिझाइन क्रमांक, पंच कार्डांचे (जुन्या जकार्डला नक्षी सांगणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यांचे) गठ्ठे, छापील कॅटलॉग. संगणकीय जकार्ड आल्यापासून अनेकांनी जुनी पंच कार्डे भंगारात घातली. ज्यांच्याकडे उरली आहेत त्यांनी ती तारखेच्या नोंदीसह जपून ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्या प्रश्नावर मी एवढेच सुचवीन की सगळ्या नक्षी नोंदवू नका. हंगामापूर्वी ज्या चार-पाच नक्षींवर तुम्ही सूत आणि बीम गुंतवणार आहात, ज्या निर्यातीच्या ग्राहकाला दाखवणार आहात, तेवढ्याच निवडा. अर्जाची तारीख हीच नोंदणीची तारीख मानली जाते, त्यामुळे अर्ज गेल्यावर तुम्ही माल दाखवू शकता. दावा मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच लावता येतो. दावा लावल्यानंतरचे चित्रही स्पष्ट सांगितले पाहिजे. कलम २२ प्रमाणे ठरावीक रक्कम मागायची असेल तर ती प्रत्येक उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनला एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच मर्यादित आहे. ही रक्कम आजच्या व्यवहारात अपुरी आहे. म्हणून नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागण्याचा दुसरा पर्याय घ्यावा लागतो, कारण खरी किंमत मनाई हुकमाची असते. हंगामात प्रतिस्पर्ध्याचा माल थांबला तरच उपयोग.

आलेखवही

मी कारखान्यांसाठी घरून नक्षी काढून देते. पूर्वी आलेख कागदावर काढत असे, आता संगणकावर काढते. काम नगावर मिळते, लेखी करार कधीच होत नाही. तीच नक्षी दुसऱ्या कारखान्याला देण्याचा अधिकार मला आहे की नाही, आणि नोंदणी कोणाच्या नावावर व्हायला हवी, हे कृपया सांगावे.

काळा कोट, सोलापूर

ताई, या प्रश्नात दोन्ही कायदे दोन वेगळी उत्तरे देतात. डिझाइन कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे, योग्य मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केले असेल तर ज्याच्यासाठी केले तो मालक. म्हणजे कारखानदार ती नक्षी आपल्या नावावर नोंदवू शकतो, तुमची सही नसली तरी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये नोकरीत असताना केलेले काम मालकाचे ठरते. बाहेरून काम करणाऱ्या कलाकाराकडे मात्र मूळ चित्राचा कॉपीराइट सहसा राहतो. कलम १७ ने पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राला, रंगचित्राला व व्यक्तिचित्राला अपवाद केलेला आहे, त्यामुळे तुमचा आराखडा नेमका कशात मोडतो यावर वाद होऊ शकतो. शिवाय हक्क हस्तांतर करायचे तर ते कॉपीराइट कायद्याच्याच कलम १९ प्रमाणे लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच.

म्हणून प्रत्येक कामाच्या बिलावर दोन वाक्ये लिहा: ही नक्षी अमुक कारखान्यासाठी, अमुक वस्तूसाठी दिली आहे, आणि ती पुन्हा वापरण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा अधिकार अमुक पक्षाकडे आहे. तुम्ही अधिकार राखून ठेवणार असाल तर दर वेगळा लावा. आजवर या गावातल्या नक्षीकारांना त्यांच्या कामाच्या मानाने फार कमी मिळाले आहे, आणि त्याचे एक कारण हा कागद नसणे हेच आहे.

यंत्रमाग कामगार वस्ती

मला या साऱ्याची दुसरी बाजू मांडायची आहे. ज्यांच्याकडे चार किंवा सहा माग आहेत, ते स्वतःचा माल काढत नाहीत. मोठा कारखानदार किंवा व्यापारी सूत देतो, नक्षी देतो, आणि आम्ही मजुरीवर विणून देतो. नक्षी कोणाची आहे हे विचारण्याची आमची ऐपत नसते. उद्या नोंदणी वाढली आणि एखाद्याने दावा लावला, तर माल ज्याच्या मागावर सापडला तोच आधी अडकणार. मोठ्यांनी नोंदणी करायची आणि लहानांनी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, असे होऊ नये. या चर्चेत याचा विचार दिसत नाही.

काळा कोट, सोलापूर

तुमची भीती खरी आहे आणि ती कायद्याच्या शब्दांतच आहे. डिझाइन कायद्याच्या कलम २२ मध्ये विक्रीच्या हेतूने डिझाइन वस्तूवर लावणारा आणि ते लावण्यास कारण होणारा, दोघेही येतात. त्यामुळे मजुरीवर विणणाऱ्याला सरसकट सूट आहे असे मी सांगू शकत नाही.

उपाय कागदाचाच आहे, पण तो स्वस्त आहे. सूत देताना जे चलन बनते, त्यावर नक्षीचा क्रमांक किंवा छोटे चित्र, ती कोणी दिली त्याचे नाव, आणि तिच्या हक्कासंबंधी वाद आल्यास खर्च व भरपाईची जबाबदारी देणाऱ्याची राहील, हे वाक्य छापून घ्यावे. हे एकट्या मागवाल्याने मागितले तर काम दुसऱ्याकडे जाईल, हेही मला समजते. म्हणून ही मागणी यंत्रमागधारकांच्या संघटनांनी सामूहिकरीत्या पुढे नेली पाहिजे आणि चलनाचा एकच नमुना सर्वांनी वापरला पाहिजे. नोंदणीच्या मोहिमेइतकेच हे काम महत्त्वाचे आहे. खरे तर मी ते आधी ठेवीन.

चाटी गल्ली

आमचे दुकान किरकोळ आणि घाऊक दोन्ही आहे. नक्षीपेक्षा मोठा त्रास नावाचा आहे. बाहेरगावी विणलेली हलकी चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते, पंढरपूर-अक्कलकोटला येणारे भाविक ती घेऊन जातात, आणि पहिल्या धुण्यात रंग गेला की नाव सोलापूरचे जाते. आपल्याला तर भौगोलिक मानांकन मिळून वीस वर्षे होत आली. मग कारवाई का होत नाही?

काळा कोट, सोलापूर

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांची नोंदणी २००५-०६ सालची आहे, म्हणजे देशातल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी. पुढे आपल्या जिल्ह्यातून मंगळवेढ्याची ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंबही त्या यादीत गेले. पण मानांकन म्हणजे केवळ मालक संस्थेचे प्रमाणपत्र नव्हे. भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम १७ प्रमाणे प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करता येते, आणि कलम २१ प्रमाणे उल्लंघनाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क मालक संस्थेबरोबर या वापरकर्त्यांनाही आहे. ऑगस्ट २०२० मध्ये नियम बदलून या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले गेले. दहा रुपयांत जिल्हा न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार मिळत असताना तो न घेणे मला अनाकलनीय वाटते.

हा अधिकार किती निर्णायक असतो हे कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात दिसले. ते मानांकन २०१९ चे आहे आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा यांबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे, कर्नाटकातील चार जिल्ह्यांसह. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला आपल्या प्रदर्शनात आणल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते त्या मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते. मालकांनी दाद मागावी असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने लिडकॉम आणि लिडकार या मालक असलेल्या दोन राज्यांच्या महामंडळांशी करार केला. ज्याचे नाव नोंदवहीत होते त्याच्याशीच बोलणी झाली.

फौजदारी मार्गही आहे. खोटे मानांकन लावण्यास त्याच कायद्याच्या कलम ३९ खाली किमान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे. झडती आणि जप्ती पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायची असते आणि त्याआधी मानांकन निबंधकांचे मत घ्यावे लागते. तक्रार देताना हे ध्यानात ठेवून थेट योग्य कार्यालयात जावे.

अशोक चौक

मानांकन सर्वांचे झाले. आमचा स्वतःचा मार्का आहे, वडिलांनी सुरू केलेला, पण त्याची नोंदणी नाही. अलीकडच्या निकालांनी त्याबाबत काय बदलले आहे?

काळा कोट, सोलापूर

आधी वापरणाऱ्याचा हक्क हा ट्रेडमार्क कायदा १९९९ चा पाया आहे, कलम ३४. पुण्यातल्या बर्गर किंगच्या वादात हेच घडले: जागतिक कंपनीने २०११ मध्ये लावलेला दावा पुण्याच्या न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला, कारण कंपनी भारतात व्यवसायाला येण्याच्या कितीतरी आधीपासून, १९९० च्या दशकापासून, ते उपाहारगृह त्या नावाने चालू होते. नंतर उच्च न्यायालयाने अपील प्रलंबित असेपर्यंत नाव वापरण्यास अंतरिम मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. आधीचा वापर मोलाचा आहे, पण तो सिद्ध करायला वर्षे जातात, हा त्यातून घेण्यासारखा बोध.

सिद्ध कसा करायचा, हे २०२३ च्या बृहन् करण शुगर सिंडिकेट विरुद्ध यशवंतराव मोहिते कृष्णा सहकारी साखर कारखाना या निकालात आहे. देशी दारूच्या बाटलीवरील लेबलाचा तो वाद होता. नावलौकिक दाखवण्यासाठी विक्री आणि जाहिरात खर्चाची सनदी लेखापालाने दिलेली पत्रके हजर केली गेली, पण त्यांतला मजकूर रीतसर सिद्ध केला गेला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुरेशी मानली नाहीत. म्हणून वडिलांच्या काळातली बिले, रेल्वे पावत्या, जुनी लेबले मूळ स्वरूपात जपा. आणि मार्क्यात 'सोलापुरी' शब्द असेल तर त्यावर एकट्याचा हक्क सांगण्याची अपेक्षा ठेवू नका. ऑगस्ट २०२५ च्या पेर्नो रिकार या मद्य कंपनीच्या निकालात 'प्राइड' या शब्दाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने असेच सांगितले की धंद्यात सर्रास वापरला जाणारा शब्द एकाचा होत नाही. चिन्ह तुकड्यांत नव्हे, अखंड पाहायचे असते.

मार्क्याची नोंदणी ट्रेडमार्कच्या वर्ग २४ (कापड आणि कापडी वस्तू) मध्ये करा. व्यक्ती आणि लघुउद्योगासाठी ऑनलाइन शुल्क ४५०० रुपये आहे. नोंदणी होईपर्यंत लेबलावर वर्तुळातला 'आर' (नोंदणीकृत मार्क्याचे चिन्ह) छापू नका. जन विश्वास कायद्याने ट्रेडमार्क कायद्यात केलेल्या दुरुस्त्या १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाल्या, त्यांत अशा खोट्या दाव्यासाठी कैदेऐवजी आर्थिक दंड आला, आणि तो लहान नाही.

चाटी गल्ली

दावा लावायचाच झाला तर आधी मध्यस्थीला जावे लागते असे ऐकले. तोवर हंगाम निघून जाईल.

काळा कोट, सोलापूर

व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे दाव्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने पक्के केले. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तर त्यातून सूट मिळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नोव्हेंको प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उल्लंघन रोज चालू असेल तर तातडी त्यातच अंतर्भूत असते. दावा लावायला काही काळ गेला एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. ते प्रकरण पेटंट आणि डिझाइनचेच होते, म्हणून आपल्याला थेट उपयोगी. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाल्याने आपल्या जिल्ह्यातल्या पक्षकारांचा मुंबईचा फेरा बराच कमी झाला आहे.

आलेखवही

शेवटचे विचारते. अर्जासोबत नेमके काय पाठवायचे? आणि संगणकाला वर्णन सांगून काढून घेतलेली नक्षी नोंदवता येते का?

काळा कोट, सोलापूर

दुसऱ्या प्रश्नावर कायदा अजून घडतो आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइटवर कार्यपत्र काढले, पण त्याचा पहिला भाग अशी साधने शिकवण्यासाठी वापरलेल्या कलाकृतींच्या मोबदल्याविषयी आहे. डिझाइनच्या बाबतीत नावीन्याची कसोटी कायम आहे, आणि अशा साधनाने दुसऱ्याची प्रसिद्ध नक्षीच थोडी बदलून दिली असेल तर अर्ज टिकणार नाही. तुम्ही हाताने केलेले बदल आणि आधीचे कच्चे आराखडे तारखेसह ठेवा.

अर्जात वस्तूचे नाव, वर्ग आणि नक्षी स्पष्ट दिसेल अशी चित्रे किंवा छायाचित्रे लागतात. चादर आणि घरगुती कापडासाठी वर्ग ०६-१३, थानातल्या कापडासाठी ०५-०५. प्रत्येक चित्रपत्रावर नावीन्य कशात आहे ते लिहायचे. आपल्या बाबतीत ते पृष्ठभागावरील नक्षीत असते. रंगसंगतीवर, अक्षरांवर किंवा चिन्हांवर हक्क सांगत नाही, असेही त्यात नमूद करायचे. त्यामुळे चादरीच्या काठाला किंवा टॉवेलच्या कोपऱ्यात मार्क्याचे नाव विणलेले असेल, तर ते या नोंदणीने सुरक्षित होत नाही. त्यासाठी वर्ग २४ चा ट्रेडमार्क अर्ज स्वतंत्र करावा लागेल.